साडूच्या ताटातले अनारसे

सासुरवाडीत धोंड्याच्या जेवणाला बसलेलो असताना मी माझं ताट बाजूला सारलं आणि शेजारी बसलेल्या साडूचं ताट, त्यावरच्या चांदीच्या दिव्यासकट, माझ्यापुढं ओढलं. एवढा एक प्रसंग सोडला तर मी तसा वागायला बरा माणूस आहे. पण सासुरवाडीत एवढा एक प्रसंग कुणी सोडत नाही.

सिरसाळ्यात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटार जळाली की लोक ती माझ्याकडं आणून टाकतात, मी आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरून देतो. उन्हाळ्यात मान वर करायला सवड नसते आणि पावसाळ्यात एक मोटार जळत नाही. अशा रिकाम्या दिवसांत शहाणी माणसं पत्ते खेळतात, राजकारण करतात. मी मोबाईलवर मासे धरायचे व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक माणूस घडीच्या खुर्चीत बसून अगदी हळू आवाजात बोलायचा आणि बोलता बोलता हातभर लांबीचा रोहू बाहेर काढायचा. असं चार दिवस बघितल्यावर मला वाटायला लागलं, हे आपल्याला जन्मतःच येतंय.

मग कुरिअरनं काठी आली. मायनं ती एकातून एक बाहेर ओढत लांब केली आणि विचारलं, "ह्ये काय रं? टीव्हीचा अँटिना?"

"गळ हाय माय. मासे धरायचा."

"आपल्या घरात कोन खातंय मासे?"

"खायचे न्हाईत. धरायचे, फोटो काढायचा आन् सोडून द्यायचे."

माय काठी भिंतीला टेकवून उठली. मग सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारून म्हणाली, "सुनंदा, ह्याला जरा डोक्याला तेल लाव गं."

आता गळाच्या बाबतीत मला जे काही कळलं ते इथंच सांगून टाकतो, कारण या आठवणीत पुढं उपयोगाचं असं काही येणार नाही. काठी फार लांब घेऊ नका, सात-आठ फुटी पुरते. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, जाड घेतला तर माशाला दिसतो, बारीक घेतला तर तुटतो, म्हणून मधला घ्या. चरखीवर तो ताणून भरा. ढिला भरला की फेकताना त्याचं घरटं होतं. (इथं माझा धंदा कामाला आला. माझ्याइतकी सुबक भरलेली चरखी अख्ख्या परळी तालुक्यात सापडणार नाही.) गळ लहान असावा, शिसं हलकं असावं, तरंगायला थर्मोकोलचा तुकडा चालतो. आपली सावली पाण्यावर पडेल असं बसू नये. भडक सदरा घालू नये. तंबाखूच्या हातानं आमिषाला शिवू नये, आणि काही झालं तरी बोलू नये.

हे सगळं मी तंतोतंत पाळलं आणि कित्येक रविवार गावाबाहेरच्या तलावावर मुक्यासारखा बसलो. एकदाच बोटाएवढी चिलापी लागली, तिला मी सोडून दिली. (सुनंदा सांगते ती तिची तीच सुटली. ती तिथं नव्हती, तरी सांगते.) काठी बरोबर, तंगूस बरोबर, बसणं बरोबर. मग चुकतंय कुठं? शेवटी मी या निष्कर्षावर आलो की दोष आमिषाचा आहे.

खुर्चीतल्या माणसानं आमिषाची खास कृती सांगितली होती. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचा. त्यात गूळ मळून गोळा डब्यात दाबून ठेवायचा, म्हणजे तो आतल्या आत मुरतो. ज्या वाचक भगिनींना ही कृती कुठंतरी ऐकल्यासारखी वाटत असेल त्यांनी जरा दम धरावा. मला तेव्हा काही म्हणता काही वाटलं नाही. पुढं त्यात वेलदोडा, बडीशेप, जराशी शेंगदाण्याची पेंड आणि शेवटी सुकट. सुकट म्हणजे वाळवलेले बारीक झिंगे. ती भाजून, वस्त्रगाळ कुटून, दोन चमचे घालायची. सगळी जादू त्या पुडीत आहे, असं तो माणूस कुजबुजला होता. कुटायचं काम मायकडं होतं. ती एका हातानं खलबत्ता आणि तोंडानं माझा उद्धार, अशी दोन्ही कामं बरोबर करत होती.

नेमका तेव्हाच धोंड्याचा महिना लागला. दर तीन वर्षांनी हा एक महिना जादा येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. (बाकीच्या महिन्यांत काय असतो ते विचारू नका.) त्याला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे आणि तेहतीस अनारसे ताटात रचून, वर दिवा लावून, ते ताट त्याला वाण द्यायचं. आमच्या सासुरवाडीची आणखी एक रीत आहे: जावयानं त्या ताटातला अनारसा तिथंच मोडून खाल्ल्याशिवाय घरातलं कुणी घास घेत नाही. महिनाभर घरात मटण, मच्छी, अंडं काही शिजत नाही, हे सांगायला नको.

सासुरवाडी धर्मापुरीची. बोलावणं आम्हा दोन्ही जावयांना होतं. मोठे जावई म्हणजे अण्णा, माझे साडू. बागायतदार, पंचायत समितीत वजन, गल्लीतून निघाले तर चार माणसं मागं. पण त्यांचं खरं वजन गळ्यातल्या तुळशीच्या माळेचं. त्यांचा मुलगा लहानपणी मरणाच्या दारातून परत आला, त्या दिवशी त्यांनी माळ घातली आणि तेव्हापासून कांदा-लसूण सुद्धा सोडला. निवडणुकीच्या दिवसांत कार्यकर्त्यांना घेऊन ढाब्यावर बसावं लागतं, शेजारी रश्श्याचे टोप रिकामे होत असतात आणि अण्णा दही-भात खात असतात. या एका गोष्टीसाठी विरोधी पार्टीचे लोकही त्यांना मानतात. मी तर मानतोच.

निघायच्या आदल्या दिवशी सुनंदानं मला दारात उभं करून सांगितलं, "गळ-बिळ काई न्यायचं न्हाई. धोंड्याचा महिना हाय, अण्णा येनारेत. माज्या माहेरी माजी शोभा करू नका."

"येडी हायस का तू? मी कावून नेऊ?" मी म्हणालो. तेव्हा काठी घडी करून पिशवीत माझ्या पायजम्याच्या आत होती.

आमिषाचा डबाही होता. धर्मापुरीचा पाझर तलाव माझ्या डोक्यात केव्हाचा बसला होता. जेवण झाल्यावर सगळे आडवे होतील, तेव्हा हळूच सटकायचं, असा बेत होता. एवढा गोळा मावेल असा घरात एकच स्टीलचा बसका डबा होता आणि त्याच्या झाकणावर मायचं नाव कोरलेलं होतं. आपल्याकडं भांड्यांवर नावं कोरतात ती भांडं परत यावं म्हणून. या डब्यानं काय काय परत आणलं ते पुढं बघा.

संध्याकाळी आम्ही पोचलो. असलं आमिष उष्ण जागी ठेवलं की फसफसतं, हे मला माहीत होतं, म्हणून मी सगळ्यांची नजर चुकवून डबा स्वयंपाकघरात माठाच्या आडोशाला, थंडाव्याला ठेवला. स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन झोपलोही.

सकाळी ओसरीवर बसून मी मोबाईलमध्ये पाझर तलावात मासा कुठल्या काठाला चरतो ते बघत होतो. आत तळण चालू होतं. सुनंदा हातातलं पीठ झटकत बाहेर आली.

"अवो, मायनं आनारशाचं पीठ कवा दिलं तुमच्याजवळ?"

"हं," मी म्हणालो. व्हिडिओ ऐन रंगात आला होता.

"मला सांगितलं न्हाई ते?"

"हं."

"आई लई खूष झाली. म्हनली, इहीनबाईंनी आठवनीनं धाडलं."

"बरं झालं," मी म्हणालो. या 'बरं झालं'चा मला आजही जाब द्यावा लागतो.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. मी त्यांना मामी म्हणतो. "इहीनबाईंचं पीठ जरा हसायलंय गं." तेलात सोडल्यावर अनारसा फुटून पसरला की तो हसला म्हणतात. मी माझ्या मनात म्हणालो, हसू द्या. मामी इहिणीच्या पिठाला नावं ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मुकाट्यानं त्यात मूठभर तांदळाची पिठी मळली, खसखस जास्त लावली आणि अनारसे सरळ केले. वास निराळा येतोय असं मेव्हणी, म्हणजे अण्णांची बायको, म्हणाली, तर मामींनी तिलाच दटावलं: "येकेका गावची रीत असती. पाहुण्यांच्या वस्तूला नाक मुरडू नये." महिनाभर इकडं न फिरकलेलं मांजर मात्र सकाळपासून चुलीपाशी शेपटी उभी करून घिरट्या घालत होतं. मी त्याला "शुक शुक" करून हाकललं सुद्धा. तेवढं एक जनावर त्या घरात खरं बोलत होतं आणि मी त्याला हाकललं.

दुपारी पाट मांडले. अण्णा आले, हात-पाय धुऊन उजव्या पाटावर बसले, मी डाव्या. समोर दोन ताटं, दोन्हीत अनारशांची रास. त्यांच्या राशीवर चांदीचा दिवा मोठा, माझ्या राशीवरचा लहान. मोठ्या जावयाचा मान, त्यात माझं काही म्हणणं नव्हतं. औक्षण झालं. मग मामी पदर सावरत म्हणाल्या,

"पाव्हणं, तुमच्या ताटात आमच्या घरच्या पिठाचे हायत. इहीनबाईंनी दिलेल्या पिठाचे मोठ्या पाव्हण्यांच्या ताटात लावलेत. त्यांचंच पीठ त्यांच्याच लेकाला कसं वाढावं? तोंडावर परत केल्यावानी दिसतंय."

"कोणतं पीठ?" मी म्हणालो.

"ते न्हाई का, माठामागं तुमी ठेवलेलं. डब्यावर नाव वाचलं म्हनून कळलं. तुमी तं लाजून बोलला बी न्हाईत."

मला आधी देव आठवला. "मामी, देवाला निवद कोणत्या पिठाचा दाखवला?"

"देवाला आपल्याच घरचा. कावून?"

देव वाचला. मी एक श्वास घेतला आणि अण्णांकडं वळलो. अण्णांनी अनारसा मोडून तोंडात टाकला होता. डोळे मिटून, शांतपणे, देवाचं नाव घेतल्यासारखे ते चावत होते.

"चव लई न्यारी हाय," ते म्हणाले. "मामी, सांगा इहीनबाईंला."

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? ओरडून सांगितलं असतं, "अण्णा, थुंका, त्यात झिंगे आहेत"? भरल्या घरात, औक्षणाच्या ताटासमोर, ज्या माणसानं पोराच्या जिवासाठी माळ घातली त्याला? माझ्या तोंडून ते निघेना. अण्णांचा हात दुसऱ्या अनारशाकडं निघाला आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: ताट हटवायचं.

"अण्णा, ताट बदला," मी म्हणालो.

अण्णांचा हात थांबला. "काय?"

"तुमचं ताट मला द्या. माझं तुमी घ्या."

मेव्हणी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. मामी गोंधळून म्हणाल्या, "पाव्हणं, दोन्हीत सारखेच तेहतीस हायत हो. मी सवता मोजलेत."

"तसं न्हाई मामी. मला त्येच पायजेत."

"कावून पन?"

कावून. काहीतरी सांगणं भाग होतं. "मायच्या हातचे हायत," मी म्हणालो.

"मायच्या हातचं तुमी रोज खाता," सुनंदा दातावर दात धरून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मी वाकून ताट धरलं आणि ओढलं. घाईघाईत दिवा उतरवायचं राहिलं. तो मोठा चांदीचा दिवा डुलत डुलत माझ्या बाजूला आला. तेव्हा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले सासरे, जे वर्षातून चार वाक्यं बोलतात, त्यांनी त्यातलं एक वाक्य खर्च केलं.

"दिवा लहान वाटला व्हय पाव्हण्यांना?"

मला माझ्या दुकानातल्या बारा मोटारी एकदम जळाल्यासारखं झालं. "न्हाई मामा, दिव्याचं काई न्हाई. दिवा घ्या ना," असं म्हणून मी दिवा उचलून अण्णांकडं केला, तर तेल त्यांच्या नव्या धोतरावर सांडलं. मेव्हणी म्हणाली, "असू द्या, असू द्या, ठेवा तुमालाच." असा शांत आवाज मी परत कधी ऐकला नाही आणि ऐकायचीही इच्छा नाही.

अण्णा मात्र मोठ्या मनाचा माणूस. ते हसले आणि म्हणाले, "घेऊ द्या त्यांना. धाकटे हायत. लेकरावानी मागायलेत." मी बेचाळीस वर्षांचा आहे.

ताट माझ्यापुढं होतं खरं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. जावयानं खाल्लं की उरलेले अनारसे घरातल्या सगळ्यांना वाटायचे. मामींचा महिनाभराचा नेम, सासऱ्यांचं एकभुक्त, शेजारपाजारच्या बायका, सगळे त्या ताटाकडं डोळे लावून होते. म्हणजे ताट रिकामं करणं आलं. मी खायला लागलो. पहिला चावल्याबरोबर मला कळलं की खुर्चीतल्या माणसानं आयुष्यात ते आमिष स्वतः चाखलेलं नाही. आधी गूळ, मग वेलदोडा, मग बडीशेप आणि सगळ्यात शेवटी, घशापाशी, पाझर तलाव.

"पाव्हणं, पुरण घ्या," मामी म्हणाल्या.

"न्हाई मामी, ह्येच बरे."

"तूप तरी."

"नको."

"आवं, वाटायला चार तरी राहू द्या," सुनंदा वाकून वाढण्याच्या निमित्तानं माझ्या कानात म्हणाली. "काय झालंय काय तुमाला? माज्या बहिनीसमोर, माज्या मायबापासमोर? आजपर्यंत कदी वस्तू मागितली न्हाई तुमी, आन् आजच?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला लाज वाटत होती, आणि तिला वाटत होती माझी लाज, ती तर त्याहून जड होती.

अर्धी रास संपल्यावर माझ्या कपाळावर घाम फुटला. मामींना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांचे डोळे भरून आले. "बगा, किती आवडलेत. लेकराला मायच्या हाताची आठवन आली." मग त्यांना बहुधा दिव्याचीही चुटपुट लागली असावी. त्या म्हणाल्या, "सुनंदा, लाव गं इहीनबाईंला फोन. पीठ चांगलं झालं म्हनून सांगते, आन् मानपानात काई उनं पडलं असंल तं माफी बी मागते."

"नको," मी तोंडातल्या अनारशासकट ओरडलो. ते 'न्को' असं निघालं आणि कुणी मनावर घेतलं नाही. मामींना फोनवरचं कमी ऐकू येतं, म्हणून सुनंदानं फोन स्पीकरवर टाकून पाटांच्या मधोमध धरला.

"इहीनबाई, नमस्कार. पीठ लई नामी दिलंत बगा."

"कसलं पीठ?" मायचा आवाज अख्ख्या ओसरीत घुमला.

"आनारशाचं. तुमच्या नावाच्या डब्यातलं."

"अवो, मी कशाला आनारशाचं पीठ देऊ? आमच्याकडं आनारसे जमतच न्हाईत. डबा कोनता, उभा का बसका?"

"बसका."

"मंग ते माशाचं हाय."

मामींनी फोनकडं निरखून बघितलं. "माशाचं म्हंजे?"

"माशाला घालायचं. गळाला लावून पान्यात टाकतंय ते. सुकट हाय त्यात, मीच कुटलीय. खाऊ-बिऊ नका बरं, इहीनबाई, पोरगं येडं हाय माजं."

सुनंदानं फोन बंद केला. मेव्हणीनं तांब्या खाली ठेवला. मांजर आत आलं, माझ्या मांडीपाशी येऊन बसलं आणि ताटाकडं बघायला लागलं. यावेळी मी त्याला हाकललं नाही.

अण्णा उठले. त्यांनी अंगणात जाऊन चुळा भरल्या, बऱ्याच भरल्या. मग गळ्यातली माळ काढून दोन्ही हातांत धरली, तुळशीपाशी गेले आणि ती कट्ट्यावर ठेवून तिथंच पाठमोरे उभे राहिले. ढाब्यावर, निवडणुकीत, सोयऱ्यांच्या लग्नात, कुठंही न ढळलेली ती माळ माझ्या दोन चमचे सुकटीनं उतरली होती. मी पाटावरून उठून त्यांच्या मागं गेलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. "अण्णा," एवढंच म्हणालो.

ते वळले. मला वाटलं आता कानाखाली बसेल, आणि खरं सांगतो, बसली असती तर बरं वाटलं असतं. पण अण्णांनी हात जोडले.

"पाव्हणं, मी तुमाला लालची समजलो. मनातल्या मनात लई वंगाळ बोललो. तुमी माझ्यापायी ते सगळं गिळत व्हता. माफ करा."

माफी त्यांनी मागितली. ज्याची माळ उतरली त्यानं, जिच्यामुळं उतरली त्या सुकटीच्या मालकाची! मी कट्ट्यापाशी खाली बसलो आणि पोटातल्या सोळा-सतरा अनारशांनी त्याच वेळी उचल खाल्ली. पुढचं गोठ्यामागं घडलं. ते सांगण्यासारखं नाही.

अण्णांनी त्यांच्या महाराजांना फोन लावला. महाराज म्हणाले, नकळत घडलं, देव समजून घेतो. आजचा दिवस उपास करा, उद्या पहाटे आंघोळ करून माळ परत घाला. हे ऐकून अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मामींनी तोवर सगळी भांडी राखेनं घासायला घेतली होती. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी पाण्याची बादली नेऊन दिली तर त्यांनी ती ओतून दुसरी भरून घेतली. सुनंदा मागच्या खोलीत बहिणीपाशी बसली होती. मी दारात गेलो तर म्हणाली, "आता काई बोलू नका. घरी गेल्यावर मी बोलते." ती घरी गेल्यावर बोलली. तो भाग मी इथं देत नाही, जागा पुरणार नाही.

ऊन कललं तेव्हा मामी बाहेर आल्या. उरलेल्या पिठाचा डबा त्यांनी सांडशीत धरला होता. "ह्ये आदी घराबाहीर न्या," त्या म्हणाल्या. मी डबा घेतला आणि मान खाली घालून निघालो. कुठं जायचं? एकच जागा सुचली. दारातून बाहेर पडतोय तोच मागून चपला वाजल्या. अण्णा होते.

"चला, मी बी येतो. बघू तरी, कशासाठी एवढं रामायन घडलं ते."

पाझर तलावाच्या काठी आम्ही दोघं बसलो. सावली पाण्यावर पडणार नाही असं बसलो. मी काठी ओढून लांब केली, गळाला त्या पिठाची गोळी लावली आणि नेमकी चरायच्या जागी टाकली. थर्मोकोलचा तुकडा पाण्यावर उभा राहिला आणि उभाच राहिला. मी गोळी बदलली. लांब टाकली, जवळ टाकली. डब्यातलं अर्धं पीठ तसंच पाण्यात भिरकावलं, म्हणजे मासे गोळा होतील. एक चांगला थोराड रोहू वर आला. पिठाच्या गोळीपाशी येऊन थांबला, तोंड जवळ नेलं, आणि पाठ फिरवून शांतपणे निघून गेला. तो आमच्या दोघांनाही दिसला.

गळ टाकल्यावर बोलायचं नसतं, हे मी अण्णांना आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटी त्यांनीच हळूच विचारलं.

"पाव्हणं, खरं सांगा. ह्या पिठाला आजपातुर किती लागले?"

"दोन," मी म्हणालो. "दोघंबी तुमच्या-माझ्या सासुरवाडीचे जावई."